शाब्दिक उदाहरण आलं की मूल अडतं, तेव्हा घरी काय करायचं? (पहिली ते पाचवीच्या आईबाबांसाठी)

"आई, यात बेरीज करू की वजाबाकी?" हा प्रश्न ज्या घरात रोज संध्याकाळी ऐकू येतो त्या घरासाठी हे लिहितेय. उभी मांडणी करून दिली की ४८ अधिक २७ पोरगं झटक्यात करतं, हातचा पण बरोबर घेतं, पण तेच गणित दोन ओळींच्या गोष्टीत घालून दिलं की पेन्सिल थांबते, आपल्या तोंडाकडे बघायला लागतं, आणि आपण जरा वेळ वाट बघून सांगून टाकतो, अरे बेरीज आहे ती. मग ते करतं, उत्तर बरोबर येतं, वही पूर्ण होते, सगळे जेवायला बसतात. आणि त्या पोराला यातून काय कळलं? की हे मला आपलं आपण जमत नाही, कुणी सांगितलं तरच जमतं.

मी प्राथमिकला शिकवते, त्यामुळे पालकसभेत "बाई, याला सगळं येतं हो, फक्त कॉन्फिडन्स नाहीये" हे वाक्य ठरलेलंच. मग त्यावर उपाय म्हणून कुणी रोज "तू हुशार आहेस" म्हणतं, कुणी मार्कांवर सायकल कबूल करतं, कुणी अबॅकसला घालतं. यातल्या कशालाच माझा फार विरोध नाही (क्लासच्या फीला आहे थोडा), पण गणितातला कॉन्फिडन्स त्या वाटेने येताना मी फारसा बघितलेला नाही.

अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये यावर मांडणी केली होती, ती पालकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. त्याचं म्हणणं असं की "मला हे काम जमेल" हा विश्वास चार ठिकाणांहून येतो. स्वतः करून जमलेलं असणं, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना बघणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळी आपल्या शरीराला काय होतंय, म्हणजे पोटात गोळा येतोय का, हात थरथरतायत का ते. या चारात सगळ्यात जोर पहिल्यात आहे. आपण घरी सगळा भर तिसऱ्यावर टाकतो कारण ते सोपं असतं, भाजी चिरता चिरता पण म्हणता येतं "जमेल गं तुला". तर खालच्या सगळ्या पायऱ्या त्या पहिल्या गोष्टीसाठी आहेत. मुलाने स्वतः सोडवलेलं, आणि बरोबर आलंय हे सुद्धा त्याचं त्यालाच कळलेलं, असं गणित रोज थोडं थोडं साठवत जायचं.

आणि आपलंच मूल मागे आहे असं मनात घेऊ नका. असर या खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण ३१ टक्केच मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं होतं. अडणारी मुलं खूप आहेत, फक्त सगळी बोलत नाहीत.

पायरी १: नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधा

"गणित कच्चं आहे" यावरून काहीच कळत नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅन न्यूमन नावाच्या शिक्षिकेने १९७७ मध्येच एक साधी पद्धत दिलीय, मुलाचं चुकलेलं उदाहरण घ्यायचं आणि पाच गोष्टी क्रमाने विचारायच्या. मोठ्याने वाचून दाखव. यात काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. कसं काढशील? आता करून दाखव. आणि शेवटी, विचारलं होतं त्याचं उत्तर लिही. जिथे मूल पहिल्यांदा अडखळेल तिथे काम करायचंय, त्याच्या पुढे नाही.

हे करताना रागवायचं नाही, शिकवायचं पण नाही, नुसतं बघायचं. दोन-तीन उदाहरणांत चित्र स्पष्ट होतं आणि बरेचदा आईबाबा चाट पडतात, कारण गडबड गणितात नसतेच. इंग्रजी मीडियमचं मूल प्रश्न फाडफाड वाचतं पण "लेफ्ट" म्हणजे डावा एवढंच त्याला माहीत असतं, उरलेले हा अर्थ त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. मराठी माध्यमातल्या मुलांना "प्रत्येकी", "दर डझनी", "समान वाटले" हे शब्द नडतात. डझन म्हणजे १२ हे आपण गृहीत धरतो, पण घरात केळी किलोवर येत असतील तर पोराने तो शब्द ऐकायचा कुठे?

अजून एक जागा आहे जिथे लहान मुलं गपकन पडतात ती म्हणजे संख्यांची नावं. एकोणसत्तर ऐकलं की सत्तर कानात राहतं आणि ७९ लिहिलं जातं, त्रेपन्न आणि पस्तीस यांची अदलाबदल होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय जोक फिरले ते आठवत असेल, पण डॉ. मंगला नारळीकरांच्या समितीने ते आणलं त्यामागे हीच अडचण होती. पुस्तकाबद्दल तुमचं मत काहीही असो, घरी मूल अडलं तर दोन्ही म्हणायला लावा, "एकोणसत्तर, म्हणजे साठ नऊ", आणि मग लिहायला सांगा. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

पायरी २: खाली उतरून सुरुवात करा

चौथीतल्या मुलाला चौथीचंच दिलं पाहिजे असा हट्ट नको. जिथे दहातली सात-आठ त्याची त्याला येतात तिथून सुरू करा, मग ते दुसरीचं पुस्तक का असेना. पुस्तकाच्या कव्हरवर इयत्ता दिसली की मुलांना लाज वाटते, त्यामुळे तुम्ही वहीत लिहून द्या. आणि कमी द्या. रोज तीन उदाहरणं, पंधरा-वीस मिनिटं, बास.

तीनच का, तर बंडुरा आणि शुंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना सांगितलं, दर वेळी निदान ६ पानं करा. काहींना सांगितलं, सात बैठकींच्या शेवटी सगळी ४२ पानं झाली पाहिजेत. काहींना काहीच आकडा दिला नाही. हिशोब केला तर पहिलं आणि दुसरं एकच आहे, पण ज्यांना रोजचं छोटं टार्गेट होतं ती मुलं वजाबाकीत पण पुढे गेली आणि "मला येतं" हा त्यांचा विश्वास पण जास्त वाढला. रोज संपणारं काम दिलं की रोज काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं. "आख्खा धडा संपव मग खेळायला जा" यात ते होत नाही.

पायरी ३: आधी गोष्ट, मग आकडे

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळं पाणी इथेच मुरतं.

क्लासमध्ये, गाइडमध्ये, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शाळांमध्ये पण एक शॉर्टकट शिकवतात: "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी, "प्रत्येकी" दिसलं की भागाकार. पहिली-दुसरीत हे चालून जातं म्हणून सगळे खूश असतात. तिसरीपासून हाच शॉर्टकट मुलांना तोंडावर पाडतो. ही दोन बघा.

वर्गात एकूण ४२ मुलं आहेत, त्यातल्या १९ मुली आहेत, तर मुलगे किती? "एकूण" दिसलं, झाली बेरीज, ६१. वर्गात ४२ जण आणि त्यातले मुलगेच ६१!

मीनाकडे १५ बोरं आहेत. राजूकडे आहेत त्यापेक्षा ही ६ ने जास्त आहेत. राजूकडे किती? "जास्त" दिसलं, बेरीज, २१. खरं उत्तर ९. हे उदाहरण पाचवीच्या मुलांना देऊन बघा, चांगली चांगली पोरं घसरतात.

फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या एका गणित-शिक्षण संस्थेने १९८० च्या सुमाराला लहान मुलांना एक भन्नाट प्रश्न विचारला होता, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कॅप्टनचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकड्यांची काहीतरी करामत करून कॅप्टनचं वय काढून दिलं. ही मुलं बिनडोक नव्हती. शाळेत गणित म्हणजे आकडे उचलायचे, काहीतरी करायचं आणि उत्तर लिहायचं हे ती व्यवस्थित शिकली होती. आपल्याकडे पण आठवड्यातून एकदा असलं फसवं उदाहरण द्याच. "एका एसटीत ३२ प्रवासी आहेत, डिझेल ८० लिटर आहे, तर कंडक्टरची उंची किती?" पहिल्या वेळी मूल ११२ लिहील, दुसऱ्या वेळी हसेल, आणि त्यानंतर स्वतःच तुमच्यासाठी असली उदाहरणं बनवायला लागेल. "हे सोडवता येत नाही" असं ठामपणे म्हणता येणं हा पण कॉन्फिडन्सच की.

आता गोष्ट कशी वाचायची ते. उदाहरणातल्या आकड्यांवर बोट ठेवून झाका आणि "काही" म्हणून वाचायला सांगा. "बागेत आंब्याची काही झाडं आहेत. चिकूची झाडं त्यापेक्षा थोडी कमी आहेत. दोन्ही मिळून किती?" आता विचारा, जास्त काय आहे, आंबा की चिकू? चिकू माहीत आहेत का आपल्याला? आधी काय काढावं लागेल? आकडेच नसल्यामुळे मुलाला घाईने बेरीज-वजाबाकी करता येत नाही, झक मारत गोष्टीचा विचार करावा लागतो. मग बोट काढायचं. आंबे ३४, चिकू ९ ने कमी, म्हणजे २५, दोन्ही मिळून ५९.

मग चित्र. झाडाला पानं काढत बसायचं नाही, नुसत्या पट्ट्या. आंब्याची लांब पट्टी, तिच्याखाली चिकूची जरा आखूड, आखूड राहिलेल्या तुकड्यावर ९ लिहायचं, आणि दोन्हीला मिळून एक कंस करून प्रश्नचिन्ह. सिंगापूरच्या शाळांमध्ये १९८० च्या दशकापासून ही पट्ट्यांची पद्धत आहे आणि मीना-राजूसारख्या उदाहरणाला तर ती रामबाण आहे, कारण दोन पट्ट्या काढल्या की मीनाची लांब आणि राजूची आखूड हे डोळ्यांना दिसतं, मग २१ लिहायला हात धजावत नाही. सुरुवातीला पट्ट्या वाकड्यातिकड्या येतील, येऊ द्या. पहिली-दुसरीच्या मुलाला पट्टी पण जड जात असेल तर त्याच्याही आधी वस्तू, चिंचोके, मणी, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. वस्तू, चित्र, आकडे हा क्रम सोडू नका.

पायरी ४: पेन्सिल मुलाच्याच हातात

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एका उदाहरणावर दाखवते. चौथीची गौरी आणि तिची आई, दोघी मी बनवलेल्या आहेत पण घरोघरी असंच चालतं. उदाहरण: ४५ रुपये किलोची २ किलो साखर आणि १५० रुपयांचं एक लिटर तेल घेतलं, दुकानदाराला ५०० ची नोट दिली, किती रुपये परत मिळतील?

"आई, हे कसं करायचं?"
"वाच बरं मोठ्याने."
(वाचते.)
"काय काय झालं दुकानात?"
"साखर घेतली, तेल घेतलं, पाचशेची नोट दिली."
"आणि विचारलंय काय?"
"परत किती आले."
"अंदाजे सांग, अर्धी नोट संपली असेल का?"
"साखर पंचेचाळीस... नाही थांब, दोन किलो आहे ना, नव्वद. तेल दीडशे. अडीचशेच्या आतच. अर्ध्याला थोडे कमी."
"मग परत?"
"अडीचशेपेक्षा थोडे जास्त."
"मांड मग."

गौरीने ९० अधिक १५० बरोबर २४० केलं. मग ५०० वजा २४० करताना लिहिलं ३४०. आईला लगेच दिसलं, जिभेवर पण आलं असेल, पण ती एवढंच म्हणाली, "मघाशी अंदाज काय केला होतास?" गौरीने बघितलं, अडीचशेपेक्षा थोडे जास्त, आणि हे तर ३४०. मग तिने ताळा केला, ३४० अधिक २४० बरोबर ५८०. "ई, नोट तर पाचशेची होती!" खोडलं, परत केलं, २६०.

आईने एकदाही "गुणाकार कर", "वजाबाकी कर", "चूक आहे" असं म्हटलेलं नाही. वेळ लागला, एका उदाहरणाला सात-आठ मिनिटं गेली असतील. पण ही चूक गौरीने स्वतः पकडलीय, आणि मनात तेच जाऊन बसतं. आईने लाल पेनाने गोल केला असता तर उत्तर तेवढंच बरोबर आलं असतं, बाकी काही नाही.

पायरी ५: मूल अडलं की काय करायचं

पहिलं काम, गप्प बसणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते, आणि तेच तीनेक सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं मोठी आणि विचारपूर्वक यायला लागली. मी पण शिकवतेच, आम्हाला शांतता सहन होत नाही हे खरंय. घरी तर याहून जास्त थांबा, मनात दहा मोजा.

तरी नाही हललं तर मदत द्या, पण एकदम उत्तराजवळची देऊ नका, लांबून सुरू करा. परत वाचून बघ. नाही? मला गोष्ट सांग. नाही? चित्र काढून बघ. तरी नाही, तर आकडे छोटे करा: "३७५ पानांचं पुस्तक, रोज १५ पानं वाचली तर किती दिवस लागतील" हे अडलं असेल तर विचारा, "१० पानांचं पुस्तक आणि रोज २ पानं, मग?" "पाच दिवस." "कसं काढलंस?" "भागलं." "मग इथे?" जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली गणित कसं सोडवायचं यावर पुस्तक लिहिलं त्यातही हाच सल्ला आहे, मोठं अडलं की त्याच्यासारखंच सोपं आधी सोडवा. आणि एवढं करूनही नाहीच जमलं तर ते उदाहरण ठेवून द्या, तसंच दुसरं तुम्ही सोडवून दाखवा, पण मोठ्याने विचार करत, "हं, हे विचारलंय, म्हणजे आधी मला हे लागेल, अरे नाही, हे तर दिलेलंच आहे..." आणि मग सोडलेलं उद्या परत त्याच्यासमोर ठेवा.

मुलाने मुलाला बघून शिकणं पण विसरू नका. शुंक आणि हॅन्सन यांनी १९८५ मध्ये वजाबाकी जड जाणाऱ्या मुलांना व्हिडिओ दाखवले होते, काहींना शिक्षकाचा, काहींना त्यांच्यासारख्याच मुलाचा. मुलाला शिकताना बघितलेल्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त वाढला. तेव्हा सुट्टीत आलेला वर्षभराने मोठा मामेभाऊ हा तुमच्यापेक्षा भारी मास्तर ठरू शकतो, विशेषतः तो स्वतः जरा अडखळत शिकलेला असेल तर. टॉपर भाऊ नको, तो "सोपं तर आहे" म्हणून वाट लावतो.

पायरी ६: ताळ्याची सवय

बरोबर आहे का हे विचारायला मूल दर वेळी आपल्याकडे येतं, म्हणजे शेवटचा निर्णय अजून आपल्याच हातात आहे. तो त्याच्या हातात द्यायचा. वजाबाकीचा ताळा बेरजेने, भागाकाराचा गुणाकार करून बाकी मिळवून. "बरोबर आहे का?" असं विचारलं की "तू सांग, कसं बघशील?" एवढंच म्हणायचं.

सरावासाठी आपल्याच देवळालीच्या एका शाळामास्तरांची भेट आहे. द. रा. कापरेकर. त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येची गंमत जगाला सांगितली. मुलांना आधी तीन अंकी खेळ द्या. कुठलेही तीन अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. ५२१ घेतलं, ५२१ वजा १२५ बरोबर ३९६. मग ९६३ वजा ३६९ बरोबर ५९४. मग ९५४ वजा ४५९ बरोबर ४९५. आणि आता काहीही करा, ४९५ च येत राहतं. जास्तीत जास्त सहा वेळात तिथे पोचतोच. प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ येतो (९९ आलं तर ते ०९९ असं लिहायचं), त्यामुळे मधे ९ नसेल तर त्याच ओळीत चूक आहे हे मुलाला तिथल्या तिथे कळतं, तुम्ही शेजारी नसलात तरी. हातच्याच्या वजाबाकीचा ढीगभर सराव होतो आणि पोरं "अजून एक" म्हणत बसतात. चौथी-पाचवीला चार अंकी द्या, तिथे जास्तीत जास्त सात वेळात ६१७४.

चूक झाली तर

मुलांच्या बऱ्याच चुका वेंधळेपणाच्या नसतात, त्यांच्यामागे एक ठाम पण चुकीचा नियम असतो. ५०३ वजा २७८ ला ज्याने ३७५ लिहिलं त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, ८ तून ३, ७ तून ०, ५ तून २. त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून काही होणार नाही कारण लक्ष होतंच. "हे कसं केलंस ते सांग" म्हटलं की नियम बाहेर येतो. आणि हा प्रश्न उत्तर बरोबर असताना पण विचारत जा, नाहीतर "कसं केलंस" म्हणजे चुकलंय हे मुलं लगेच ओळखतात.

शून्याच्या वजाबाकीला काड्या घेऊन बसा. शंभराचे पाच गठ्ठे, तीन सुट्ट्या. ८ द्यायच्यात, सुट्ट्या तीनच, दहाचा गठ्ठा एकही नाही, मग शंभराचा एक सोडावा लागतो, त्याचे दहाचे दहा होतात, त्यातला एक परत सुटतो. हाताने दोन-चारदा केलं की "शून्याचे नऊ झाले" हा मंत्र राहत नाही. शिवाय दुकानदार सुट्टे परत देतो ती रीत पण दाखवा: २७८ पासून २८० ला २, ३०० ला २०, ५०० ला २००, वर ३, एकूण २२५. दोन रितींनी एकच उत्तर आलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

बोलायचं काय, आणि काय नाही

म्युलर आणि ड्वेक यांचा १९९८ चा पाचवीच्या मुलांवरचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. कोडी सोडवल्यावर काहींना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस" म्हटलं. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशार म्हटलेली मुलं जास्त लवकर ढेपाळली, त्यांची नंतरची कामगिरी पण खाली आली. पण म्हणून उठसूट "मेहनती आहेस" म्हणत सुटू नका, मुलांना पोकळ कौतुक कळतं. जे केलं तेच नाव घेऊन सांगा. "पट्टी काढलीस म्हणून राजूचे कमी आहेत ते दिसलं ना", "ताळा करून तूच चूक शोधलीस". कालची वही उघडून "परवा हेच आलं नव्हतं" हे दाखवणं तर कुठल्याही शाबासकीपेक्षा भारी.

आणि एक वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा: "आमच्या घरात कुणालाच गणित यायचं नाही." लाडाने पण नको. अमेरिकेत २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या पालकांनाच गणिताची भीती होती आणि जे वारंवार गृहपाठात मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि घाबरायला जास्त लागली. तुम्हाला स्वतःला गणिताने घाम फुटत असेल तर गृहपाठ दुसऱ्या कुणाकडे सोपवा आणि तुम्ही सापशिडी, पत्ते, बाजारहाट, पोह्यांचं प्रमाण दुप्पट करणं हे घ्या. हे कमीपणाचं नाही, उलट लहान वयात संख्येची समज इथेच तयार होते.

पाढे आणि घड्याळ

पाढे पाठ पाहिजेतच, यात मी जुन्या वळणाची आहे. मोठ्या उदाहरणात डोकं गोष्टीकडे मोकळं राहायला हवं असेल तर सात आठे छप्पन्न आपोआप आलं पाहिजे. फक्त विसरलं तर परत पोचायची वाट पण माहीत हवी: ७ चोक २८, त्याची दुप्पट ५६. आधी २, ५, १० चे, मग २ वरून ४ आणि ४ वरून ८, असे जोडून घ्या.

मात्र टायमर लावून, चार लोकांसमोर उभं करून पाढे विचारणं सोडा. भीती वाटली की त्या भीतीच्या विचारांनीच डोक्यातली कामाची जागा भरून जाते. पहिली-दुसरीच्या मुलांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की ज्यांची कार्यस्मृती (काम करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवायची ताकद) चांगली, म्हणजे एरवी पुढे असायची अशीच मुलं, त्यांनाच या भीतीचा फटका जास्त बसला. घरी सुस्साट करणारं पोर पेपरात का गडबडतं त्याचं एक कारण हे. वेग हवाच असेल तर मुलाने स्वतःच्याच कालच्या वेळेशी शर्यत लावावी, तीही नीट यायला लागल्यावर.

कधी शाळेत किंवा डॉक्टरकडे जायचं

हे सगळं दोन-तीन महिने नेमाने करूनही तिसरी-चौथीच्या मुलाला ८ मोठा की ६ हे बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नसेल, काल आलेलं आज पूर्ण पुसलं जात असेल, घड्याळ आणि नोटा कळतच नसतील, तर आधी डोळे आणि कान तपासा, मग वर्गशिक्षकांशी बोला. डिस्कॅल्क्युलिया नावाची, संख्या आणि गणित समजण्यातच येणारी अडचण असते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिकेच्या ठिकाणी त्याची तपासणी होते. आळशी म्हणून शिक्का मारण्याआधी एवढं कराच.

पेपरच्या दिवशी

आदल्या रात्री नवीन काही नको, स्वतः सोडवलेली जुनी वही चाळू द्या. पेपरात जी सहज येतात ती उदाहरणं आधी, मग शाब्दिक. शाब्दिकाला एक वाचन आकडे सोडून, एक आकड्यांसकट, कच्च्या कामात छोटी पट्टी, शेजारी अंदाज. अडलं तर खूण करून पुढे जायचं, तिथेच रडत बसायचं नाही, हे घरी दोन-तीनदा खोटा पेपर घेऊन करून बघा कारण "पुढे जा" हे नुसतं सांगून जमत नाही. उत्तर लिहून झालं की प्रश्नाची शेवटची ओळ परत वाचायची, रुपये विचारलेत की किलो, राजूचे विचारलेत की दोघांचे मिळून. आणि घरी आल्या आल्या पेपर मांडून उत्तरं तपासत बसू नका, आधी जेवायला वाढा.